रंग धाकट्याने सांगायचा

८ जानेवारी

दादा आज जेवताना म्हणाला, वरचा मळा उपटायचा. मीठ दे म्हणावं तसं म्हणाला. एप्रिलमध्ये खोदायचं यंत्र येणार, त्या माणसाशी बोलणंसुद्धा झालंय. जुन्या वेली काढायच्या, नवी रोपं लावायची, खांब रोवून तारा ओढायच्या, सरळ ओळी करायच्या. मी चमचा खाली ठेवला. वहिनीने सुपाचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

वरचा मळा म्हणजे आमच्या पणजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली. तारा नाहीत, ओळी नाहीत. एकेक वेल आपापल्या जागी, ढोपराएवढी, गाठीगाठींची. चढ दगडाळ, धरायला काही नाही, म्हणून कामाला जिकिरीचा. पीक म्हणाल तर खालच्या मळ्याच्या पाव हिस्सा. पण त्यातून जी वाइन होते तिच्यामुळे लोक आमच्या घराला ओळखतात. खालच्या मळ्याची वाइन काय, कोणीही बनवेल.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

बाबा पाव कुस्करत बसले होते. म्हणाले, "मार्चमध्ये व्यापारी येतोय. त्याने यंदाची वरच्या मळ्याची घेतली तर मळा राहील. नाही घेतली तर दादा म्हणतो तसं."

म्हणजे सगळं बाबांच्या जिभेवर आलं. तो व्यापारी कित्येक वर्षं बाबांच्या शब्दावर माल उचलतो. बाबा ज्या पिंपाला हो म्हणतील ते त्याचं. मग काळजी कसली, असं म्हणून गप्प झोपायला हवं. पण 'दादा म्हणतो तसं' हे मला लागलं. बाबा उभ्या आयुष्यात दादा म्हणतो तसं वागलेले नाहीत.

१३ जानेवारी

आज बाबांबरोबर तळघरात बसून पिंपं चाखली. आमच्या घरची रीत अशी की चाखायला दोघांनीच बसायचं, एक थोरला, एक धाकटा. रंग धाकट्याने सांगायचा, वास आणि चव थोरल्याने. थोरल्याने रंगाबद्दल ब्र काढायचा नाही. बाबा आजोबांना रंग सांगायचे, मी बाबांना सांगते. मळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हे नेहमी तिखटमीठ लावून ऐकवते. रंगाने जीभ फसते, म्हणून ज्याची जीभ मोलाची त्याने ग्लासाकडे बघायचंच नाही, ही आमच्या पूर्वजांची अक्कल. पाहुणे माना डोलावतात. एक बाई तर लिहून घेत होत्या.

रंग सांगायचा म्हणजे नुसतं लाल म्हणून भागत नाही. ग्लास पांढऱ्या फडक्यावर तिरका धरायचा. मध्ये कसा, कडेला कसा, कड किती रुंद, ग्लास फिरवल्यावर वाइन काचेवरून कशी उतरते. हल्ली बाबा फार खोदून विचारतात. "कडेला काय? अजून सांग. बिटासारखा की सुकलेल्या गुलाबासारखा?" शाळेत तोंडी परीक्षा घेतात तसं. आणि हल्ली ओततही नाहीत. काचेच्या नळीने पिंपातून काढायची मी, ओतायची मी, ग्लास हातात द्यायचा मी. राजेसाहेब नुसते हात पुढे करून बसतात.

आधी खालच्या मळ्याची घेतली. ती पहिल्या घोटातच सगळं सांगून मोकळी होते, चेरी काय, गोडवा काय, आणि संपते. मग वरच्या मळ्याची. ही आधी काहीच बोलत नाही. घोट जिभेवर नुसता बसून राहतो. मग हळूच संत्र्याची सुकलेली साल येते, मग तापलेल्या लोखंडी तव्यावर पाणी पडल्यावर येतो तसा वास, आणि थुंकून टाकली, आता संपली असं वाटलं, की मिठाचा एक कण. तो कुठून येतो कोणाला ठाऊक नाही. बाबा म्हणतात, मुळं खोल गेलीत, त्यांना खाली कुठेतरी जुना समुद्र लागला असेल. आज त्या कणाची वाट बघत आम्ही दोघं किती वेळ गप्प बसलो होतो. मग बाबांनी मान हलवली. आला होता.

उठताना पिंपाखालच्या लाकडाला माझी नडगी सडकून आपटली. दादा पिंपं हलवतो आणि सांगत नाही. शिवाय तळघरात इतका अंधार की आपलाच हात सापडू नये. वर येऊन दादाला म्हटलं, बल्ब तरी बरे लाव. तो म्हणाला, "नवीनच लावलेत, आधीपेक्षा दुप्पट लख्ख." लख्ख म्हणे. स्वस्तातले आणले असणार. कंजूष नंबर एक. सुतळीचा तुकडासुद्धा फेकत नाही तो, त्याला काही वाया गेलेलं चालत नाही.

२१ जानेवारी

वर छाटणी सुरू झाली आणि बाबा अजून एकदाही वर गेलेले नाहीत. दर वर्षी मेलेल्या वेलींवर चुन्याचा पट्टा तेच मारतात. जिवंत कोणती नि वाळलेली कोणती हे हिवाळ्यात नुसतं बघून कळत नाही, खोडावर नखाने खरवडून आतला हिरवा शोधावा लागतो. यंदा दादाला पाठवलं. ज्याला मळा उपटायचाय त्याच्याच हातात चुन्याची बादली. मी बाबांना बोलले तर म्हणाले, "गुडघे दुखतात."

गुडघे दुखतात त्या माणसासाठी दादाने काय करावं? तळघराच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग फासलाय आणि भिंतीला जाडजूड दोरी ठोकलीय. जहाजावर बांधतात तशी. मी म्हटलं, वादळ येणार आहे का रे घरात? वहिनी हसली नाही. ह्या घरात हल्ली कोणी हसतच नाही.

२६ जानेवारी

बाटल्यांची बुचं आणायला शहरात गेले होते. निघायला उशीर झाला आणि येताना अंधार पडला. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत सुया खुपसल्यासारखे. आजकाल लोक कसले दिवे लावतात देव जाणे. कठड्याला गाडी घासली. आता संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही, रस्ते पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

दादाने ओरखडा बघितला. मला वाटलं बोलेल, पण नुसताच बोट फिरवत उभा राहिला.

९ फेब्रुवारी

आज माझी खात्री पटली. मी शेडमागच्या माझ्या घराच्या खिडकीतून बघत होते. वरच्या मळ्याच्या चढावरून दादा आणि बाबा उतरत होते. म्हणजे गुडघे दुखत असताना बाबा वर गेलेच होते, फक्त माझ्याबरोबर नाही. दादाने त्यांचं कोपर धरलं होतं आणि कानाशी तोंड नेऊन सारखं काहीतरी सांगत होता. बाबा मान डोलवत होते. एकेक पाऊल, एकेक गोष्ट. कट शिजवावा तसं चाललं होतं. मी बाहेर आले तसा दादा गप्प झाला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. बाबांना जरा फिरवून आणलं."

बाबा माझ्या दिशेने बघून हसले, पण मी उभी होते त्याच्या जरा बाजूलाच बघून. माझ्या डोळ्याला डोळा देववला नाही त्यांना. आयुष्यभर ह्या माणसाला रंग सांगितला, लग्न मोडून परत आले तेव्हा ज्याने 'नळी धर आणि कामाला लाग' एवढंच म्हटलं आणि मला वाचवलं, तोच आता चोरासारखा बाजूला बघतोय. मळा गेला तर मला काय उरणार, हे त्याला कळत नाही असं नाही. कळतं आणि तरी चाललंय.

रडू आलं, ते लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

बाबांचं चाखण्यात लक्षच नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ग्लास हातात घेतात आणि बघतात भलतीकडे, भिंतीकडे. म्हटलं बघू तरी. आज वरच्या मळ्याच्या मोठ्या पिंपातली काढली. दीड वर्षाची, तब्येतीने ठणठणीत. मध्ये गडद, कडेला लालबुंद. मी ग्लास त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "विटकरी. कडेला तपकिरी. थोडी गढूळ."

माझा अंदाज असा की ते ग्लासाकडे एक नजर टाकतील आणि खेकसतील, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मग मी म्हणेन, म्हणजे बघताय तर. आणि दोघं हसू. बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो.

बाबांनी वास घेतला. पुन्हा घेतला. घोट तोंडात घोळवला, थुंकले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कडेला तपकिरी म्हणालीस?"

"हो."

"नीट बघ."

"तपकिरीच आहे." का म्हटलं मी? तोंडातून गेलं. मला वाटलं तेच मला खेळवताहेत.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग ग्लास ठेवायला दुसऱ्या हाताने टेबलाची कड चाचपली आणि अगदी हळू म्हणाले, "मला तर चांगली लागतेय." तेवढ्यात दादा पायऱ्या उतरून आला. बाबा त्याच्याकडे वळले. "वरच्या मळ्याचं पिंप गेलं रे. हवा शिरली. व्यापाऱ्यासमोर ठेवू नकोस."

मी टेबलावरचा तो ग्लास उचलला. दादाने माझ्या हातातला ग्लास घेतला, बल्बासमोर धरला, माझ्याकडे बघितलं आणि एका घोटात संपवून टाकला. वाइन अशी पाण्यासारखी पिण्याची त्याची जुनी खोड. म्हणाला, "बरं." आणि बाबांना धरून वर घेऊन गेला.

मी तिथेच पिंपाला टेकून बसले. म्हणजे बाबांना फक्त निमित्त हवं होतं. धडधडीत लाल वाइन हातात असताना तिला गेली म्हणायला त्यांना माझं खोटं पुरलं. माझ्याच तोंडून माझा मळा उपटला.

१९ फेब्रुवारी

मी त्या घरात जेवायला जात नाही. वहिनी आली होती डबा घेऊन. म्हणाली, बाबाही जेवत नाहीत. म्हटलं, मन खात असेल. ती दारात घुटमळली. म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बसा ना त्यांच्यापाशी." मी म्हटलं, मला निरोप द्यायला दादाने पाठवलं का? बिचारी डबा ठेवून गेली. तिच्याशी असं वागायला नको होतं.

खोटं मी सांगितलं हे दादाला जाऊन सांगावं, असं रोज सकाळी ठरवते. पण सांगून काय होणार? दादा म्हणेल, बाबांनी स्वतः बघून सांगितलं, आता तू शब्द फिरवतेस. आणि खरंच तसंच नाही का? ग्लास तर त्यांच्याच हातात होता.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं, कारण मला स्वतःलाच अजून पचत नाही.

दुपारी वहिनीचा डबा परत करायला गेले. बूट चिखलाने भरले होते म्हणून ते मागच्या दाराशी काढले आणि तिथल्या वहिनीच्या चपला पायात अडकवून आत शिरले. स्वयंपाकघरात लख्ख ऊन. टेबलावर बशा मांडलेल्या आणि बाबा एकटेच त्यांच्यासमोर बसलेले. एका बशीत बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, थांबायचे, पुढची बशी चाचपायचे. मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, बरं झालं आलीस. जरा इकडे ये. ह्या बशीत काय आहे सांग. मला लिंबू वाटतंय."

मला वाटलं चिडवताहेत. पण ते चेहरा वर करून थांबले होते, उत्तराची वाट बघत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, अंगावर ऊन.

मी आवाज न करता मान हलवली. हो, लिंबूच होतं. ते तसेच थांबलेले.

"सांग की ग. आणि हे मीठ. हे व्हिनेगर. ही कालची कॉफी. सगळं बरोबर येतंय ना? मग त्या दिवशी कसं चुकलं? तपकिरी पडलेली वाइन मला ताजी लागली, सूनबाई. तो मिठाचा कणसुद्धा आला. डोळे गेले ते मी सोसलं. पण जीभ गेली तर मी कशाला उठायचं सकाळी?"

मी म्हटलं, "बाबा, मी आहे."

त्यांचा हात बशीत तसाच राहिला.

मग मी सगळं सांगून टाकलं. तपकिरी नव्हती. मी खोटं बोलले. तुमचं लक्ष आहे की नाही बघायला. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मला वाटलं आता मारतील, मारायला हवंच होतं.

"लाल होती?" त्यांनी विचारलं.

"लाल होती. कडेपर्यंत."

"गढूळ?"

"अजिबात नाही. आरपार."

"म्हणजे पिंप चांगलं आहे."

"पिंप चांगलं आहे, बाबा. तुमची जीभ चांगली आहे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग टेबलावर चाचपत पाव शोधला, मिठाच्या बशीत बुडवला आणि खायला लागले. मी हमसून हमसून रडत होते. ते नाही रडले. त्यांना भूक लागली होती.

मी विचारलं, दादाला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, मलाच का नाही सांगितलं? म्हणाले, "तुला कळलं असतं तर तू मला जपून रंग सांगितला असतास. बरा नसला तरी बरा म्हणाली असतीस. जपून सांगितलेला रंग काय करायचाय मला? सगळं तुझ्यावर उभं होतं." आणि अशा माणसाला मी खोटा रंग सांगितला. हे मी कधी विसरणार नाही.

मग मी म्हटलं, पण आपल्या रीतीमुळे निभावलं बघा, थोरल्याने रंगाकडे बघायचं नाही म्हणून. ते चक्क हसले. "अग कसली रीत? आजोबांना दिसत नव्हतं. म्हणून रंग मी सांगायचो. लोकांना काय सांगायचं, म्हणून आजीने ते जीभ फसते वगैरे काढलं." मी पाहुण्यांना काय काय ऐकवलंय. त्या लिहून घेणाऱ्या बाईंचं तर काय करू.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात तळघरात कशाला आपटलीस एवढी?"

"दादा पिंपं हलवतो ना."

"हं. वय काय तुझं आता?"

"सत्तेचाळीस."

नुसता माझा हात धरून बसले, बराच वेळ. म्हातारपणी माणूस पोटच्या पोरांची वयंही विसरतो.

२२ फेब्रुवारी

दादाला गाठला. शेडमध्ये नळ्या धूत होता. म्हटलं, मी खोटं बोलले होते. म्हणाला, "माहीत आहे. ग्लास बघितला होता मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो." मग नळी खाली ठेवून म्हणाला, "आणि खरं सांगू, मला ते सोयीचंही होतं."

मग त्याने सांगितलं. मागच्या सुगीत बाबा एकटेच वर गेले होते. परतायची वाट सापडली नाही. दादाला ते एका वेलीचं खोड घट्ट धरून बसलेले सापडले, पावसात. हाकही मारली नव्हती त्यांनी, मला ऐकू जाईल म्हणून. खालच्या मळ्यात तारांना हात लावून ते अजूनही ओळीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. वर धरायला काही नाही. म्हणून दादाला तिथे तारा हव्या होत्या. तारांसाठी सरळ ओळी हव्यात, सरळ ओळींसाठी वेली उपटायला हव्यात. एवढंच त्याचं गणित.

आणि मी त्याला काय काय म्हणाले. मी म्हटलं, मूर्खा, मला सांगायचं ना. तो म्हणाला, तू ऐकून घेतेस का कधी? वहिनी मागून म्हणाली, नाही ऐकून घेत. आम्ही तिघंही त्यावर हसलो.

पण मळ्याचा प्रश्न आहे तिथेच आहे. व्यापारी काय म्हणतो त्यावर.

१२ मार्च

व्यापारी आला. मिशा आणखी पांढऱ्या, पोट आणखी पुढे. अंगणात आल्यावर मी नमस्कार केला, तो जरा विचित्रच बघत राहिला. नंतर दादा म्हणाला, "त्यांनी हात पुढे केला होता, तू घेतला नाहीस." मला तर काही दिसला नाही हात. असेल केला, खाली कुठेतरी, पोटापाशी.

दादाने बाबांना आधीच विनवलं होतं की काही सांगू नका, रीत आहेच, निभावून जाईल. बाबा ऐकतील तर शपथ. टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मला दिसत नाही. रंग ही सांगते, बाकी मी. पटत नसेल तर आत्ताच उठा, राग नाही."

आता संपलं. व्यापारी मिशीवरून हात फिरवत राहिला.

"मागच्या वर्षी दिसत होतं?"

"नाही."

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"नावापुरतं."

तो माझ्याकडे वळला. "सांगा रंग."

मी ग्लास पांढऱ्या फडक्यावर तिरका केला. इतकं जपून मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बाबांना नको होतं तसलं जपून नाही, खरं जपून. मध्ये काळसर लाल, जुन्या मखमलीसारखा. कडेला लाल, पण ह्या महिन्यात एक अगदी बारीक रेघ विटेकडे झुकायला लागली आहे. दोऱ्याएवढी. ती सांगावी की नाही? सांगितली. बाबांच्या भुवया वर गेल्या, मग ते समाधानाने मागे टेकले.

मग त्यांनी घोट घेतला. "आधी काही सांगत नाही," ते म्हणाले. "थांबा. उठू नका. संत्र्याची साल. तवा. आता गेली असं वाटेल. थांबा." व्यापारीही डोळे मिटून बसला होता. दादा दारात, वहिनी त्याच्यामागे. कोणी हलेना. मग व्यापाऱ्याने जीभ टाळूला लावली आणि डोळे उघडले.

"मीठ," तो म्हणाला.

"हां," बाबा म्हणाले.

"मागच्या वर्षीची माझ्याकडे एक बाटली उरलेली नाही. तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हाची." त्याने ग्लास खाली ठेवला. "वरच्या मळ्याची सगळी माझी. पुढच्या वर्षी नुसतं हिलाच विचारीन, तुम्ही झोपा काढा."

मी आनंदाने वळले तर कोपराने बाजूचा भरलेला ग्लास उडवला. वहिनीने ठेवला असेल ऐन कडेला. सगळ्यांच्या अंगावर शिंतोडे. बाबा म्हणाले, "काय सांडलं?" आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच वास घेऊन म्हणाले, "खालच्या मळ्याची. चालेल." सगळे खदखदून हसले. दादा तेवढा हसला नाही. फडकं घेऊन टेबल पुसत राहिला आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता.

१४ मार्च

यंत्रवाल्याला नाही म्हणून कळवलं. दादाने स्वतः कळवलं.

संध्याकाळी तो आणि बाबा बराच वेळ बाकावर बसून बोलत होते. मी गेले तसे गप्प झाले. ह्या वेळी मला राग आला नाही. बापलेकांचं काही असेल.

२८ मार्च

दादाने उपाय काढला तो भारी आहे. तारांना सरळ ओळी लागतात, दोरीला लागत नाहीत. त्याने वरच्या मळ्यात वेलींच्या मधूनमधून खुंट ठोकले आणि तळघराच्या जिन्यावर आहे तसलीच जाड दोरी त्यांना बांधत नेली. वेलींच्या कलाने वाकडीतिकडी. एकाही मुळाला धक्का नाही. आज बाबा दोरीला हात लावून एकटे वर गेले. मी खालून बघत होते. प्रत्येक वेलीपाशी थांबायचे, खोडावर हात फिरवायचे, पुढच्या दोरीला हात घालायचे. एका वेलीशी बराच वेळ उभे होते. पावसात धरून बसले होते तीच असेल.

परत आले तेव्हा म्हणाले, "कळ्या फुटायला लागल्यात." बोटांनी कळलं त्यांना. मला म्हणाले, "रंग सांग." मी सांगितलं. फिकट हिरवा, टोकाला गुलाबी, आतून कापसासारखा पांढरा. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. म्हणाले, "नीट लक्षात ठेव हो. सगळे रंग नीट बघून ठेव." आता ह्या वयात मला काय शिकवताहेत. ठेवीन म्हटलं.

तळघरात मात्र अजून अंधारच आहे. दादाने कालच आणखी दोन बल्ब लावले म्हणे. ह्या वेळी त्याला काही बोलले नाही.

एक गंमत लिहायची राहिली. दोरी मळ्यातून उतरून तळघराच्या जिन्याला जोडायची होती, तिथे काम संपलं. पण दादा पुढे बांधतच गेला. शेडच्या भिंतीने वळवून, अंगणातून, थेट माझ्या दाराच्या कडीपर्यंत. बाबा तर माझ्या घरी कधीच येत नाहीत, दार ठेंगणं आहे, डोकं आपटतं. शिवाय बांधलीय पण जरा खाली, माझ्याच हाताच्या उंचीला. मी म्हटलं, इथवर कशाला रे? तो खाली वाकून गाठ मारत होता. दोनदा ओढून बघितली त्याने ती गाठ. वर न बघताच म्हणाला, "असू दे."

दोरी उरली असेल. त्याला काही वाया गेलेलं चालत नाही.